स्लॅबच्या पोटातले सिमेंट

२६ ऑगस्ट २०२५ च्या रात्री, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री, विरार पूर्वेच्या रमाबाई अपार्टमेंट या चार मजली इमारतीचा मागचा भाग शेजारच्या चाळीवर कोसळला. १७ माणसे गेली. इमारत २०१२ च्या सुमारास बांधलेली आणि महापालिकेच्या म्हणण्याप्रमाणे अनधिकृत. त्यानंतर वसई-विरार पट्ट्यात जिथे जिथे सोसायटीच्या सभा झाल्या, तिथे पार्किंग आणि पाण्याच्या टँकरचे विषय मागे पडून एकच प्रश्न पुढे आला : आपल्या बिल्डरने सिमेंट किती खाल्लं?

अशा सभेला हमखास कुणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत एक ढलपी घेऊन येतो. बाथरूमच्या छताची, नाहीतर गॅलरीच्या कठड्याखालची. बोटाने चुरडून दाखवतो. "हे लॅबला दिलं की कळेल ना, सिमेंट किती घातलंय ते?"

कळते. घट्ट झालेल्या काँक्रीटमध्ये सिमेंट किती पडले होते हे शोधण्याची रीत जुनी आहे आणि त्यासाठी ब्रिटिश व अमेरिकी मानकेही आहेत. मात्र पिशवीतली ती ढलपी बहुधा प्लास्टरची असते. प्लास्टरमध्ये एका भागाला चार ते सहा भाग रेती असते आणि खडी नसतेच. तिच्यावरून स्लॅबचा निकाल लावणे म्हणजे सालीवरून फणसाची गोडी सांगणे.

खरी अडचण मुळातच आहे. गोणीतले सिमेंट पाणी लागताच सिमेंट राहत नाही. त्यातली कॅल्शियमची सिलिकेटे पाण्याशी बांधली जाऊन नवाच पदार्थ तयार होतो, आणि तोच रेती-खडीला धरून ठेवतो. हा पदार्थ बाजूला काढून तोलता येत नाही. पुरणात गूळ किती पडला हे पोळी झाल्यावर तोलून सांगता येत नाही, तसेच हे. पुरणातली साखर मोजून मागे हिशेब मांडता येतो, पण कुणी त्यात खजूर घातला असेल तर तोही गुळाच्याच खात्यात जमा होतो. काँक्रीटच्या रसायनज्ञाचे सारे आयुष्य हा खजूर ओळखण्यात जाते.

गुळातल्या साखरेच्या जागी इथे दोन द्रव्ये येतात. साध्या पोर्टलंड सिमेंटमध्ये वजनाने सुमारे ६४ टक्के चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, आणि सुमारे २१ टक्के सिलिका असते. आता रेती म्हणजेही मुख्यतः सिलिका, मग फरक कसा कळायचा? युक्ती इथेच आहे. सिमेंटमधली सिलिका थंड, पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळते. वाळूच्या कणातली सिलिका, म्हणजे गारगोटी, त्याच आम्लात दिवसभर पडून राहिली तरी ढिम्म हलत नाही.

प्रयोगशाळेत हे काम चिवटपणे करावे लागते. काँक्रीटमधून यंत्राने कापून काढलेला दंडगोल, ज्याला साइटवर नुसते कोअर म्हणतात, आधी हवेत आणि मग पाण्यात तोलतात. त्यावरून घनता मिळते. मग तो फोडायचा, ढीग करायचा, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा फोडायचा, पुन्हा चार भाग. दोनतीन किलोंच्या तुकड्याचे शेवटी मूठभर पीठ उरते आणि त्यातलेही पाचेक ग्रॅम चाचणीला लागतात. खडीचा एक कण इकडचा तिकडे झाला तरी उत्तर हलते, म्हणून या फोडण्या-वाटण्याला आम्लापेक्षा जास्त जपावे लागते. नंतर आम्ल, गाळणे, सिलिका जाळून तोलणे, आणि गाळलेल्या पाण्यातले कॅल्शियम थेंबाथेंबाने मोजणे.

समजा पिठात विरघळणारी सिलिका २.६ टक्के निघाली. सिमेंटमध्ये ती २१ टक्के असते, म्हणून २.६ भागिले ०.२१, म्हणजे काँक्रीटच्या वजनात सिमेंट सुमारे १२.४ टक्के. घनता घनमीटरला २,३०० किलो असेल तर सिमेंट झाले २८५ किलो. चुना ८ टक्के निघाला तर ८ भागिले ०.६४, म्हणजे साडेबारा टक्के, म्हणजे २८७ किलो. दोन साक्षीदारांची जबानी जुळली की रसायनज्ञाला रात्री झोप लागते.

वसईत ती सहसा जुळत नाही, आणि ही कथा मला इथेच रंगतदार वाटते.

इथल्या जुन्या इमारतींत खाडीची रेती आहे. वैतरणेची, वसईच्या खाडीची. होड्यांतून उपसलेली, बंदरावर ढीग घातलेली, ट्रकमधून पाणी गाळत साइटवर आलेली. त्या रेतीत शिंपल्यांचा चुरा असतो. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि ते आम्लात फसफसून पूर्ण विरघळते. मग सिलिकेची जबानी २८५ वरच राहते, पण चुना ८ च्या जागी १० टक्के दिसतो आणि त्याचा हिशेब ३५९ किलोंवर जातो. साडेतीन टक्क्यांच्या आसपास शिंपला मिसळला की एवढा फरक पडतो. चुन्याचाच आकडा घेतला तर कंत्राटदार दानशूर ठरतो, आणि त्याने दिलेले दान प्रत्यक्षात तिसऱ्यांचे आणि कालवांचे असते.

उलटही होते. छत वर्षानुवर्षे गळत असेल तर पाणी झिरपताना काँक्रीटमधला चुना धुऊन नेते. गाड्या लावायच्या जागेत छतातून पांढरे लोलक लोंबताना अनेकांनी पाहिले असतील. तो स्लॅबमधून निघून आलेला चुनाच, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने घट्ट झालेला. अशा जागचा नमुना घेतला तर चुना कमी भरतो आणि सिलिका मात्र जागेवर असते. म्हणून दोन आकड्यांतला फरक हा दोष मानायचा नसतो, तो पुरावा असतो. चुना जास्त तर शिंपले शोधा, चुना कमी तर गळती शोधा. फरक थोडा असेल तर सरासरी धरायची आणि मोठा असून कारण सापडत नसेल तर लहान आकडा धरायचा, असा रिवाज आहे.

रेतीनंतर खडी. वसईच्या पूर्वेचे डोंगर म्हणजे दख्खनचा काळा दगड, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट. त्यात दहा टक्क्यांच्या आसपास चुना आणि निम्म्याच्या जवळपास सिलिका असते. ताजा, घट्ट बेसाल्ट थंड आम्लाला फारशी दाद देत नाही. पण कुजलेला बेसाल्ट, त्यातली काचेसारखी भर, पोकळ्यांत साठलेले पांढरे झिओलाइटचे खडे, हे सगळे थोडेथोडे विरघळतात आणि सिमेंटच्या खात्यात जाऊन बसतात. हल्ली रेतीऐवजी दगडच दळून केलेली क्रश सँड वापरतात. दगड जितका बारीक, तितके आम्लाला चावायला पृष्ठ जास्त. त्यामुळे त्याच खाणीची खडी आणि तीच रेती स्वतंत्रपणे आम्लात घालून पाहणे आणि त्यांचा वाटा वजा करणे हाच खरा उपाय. ब्रिटनच्या गारगोटीच्या रेतीवर बेतलेली रीत इथे जशीच्या तशी उचलली तर फसगत ठरलेली.

हा सगळा खजूर एकीकडे आणि राख दुसरीकडे. घरबांधणीला आज मिळणाऱ्या गोण्यांपैकी बहुतेकांवर पीपीसी असे लिहिलेले असते. या सिमेंटमध्ये औष्णिक वीज केंद्रातली कोळशाची राख, म्हणजे फ्लाय अ‍ॅश, मिसळलेली असते. भारतीय मानकाप्रमाणे १५ ते ३५ टक्के. (पालघर जिल्ह्यातच डहाणूला ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे, तेव्हा ही राख काय चीज आहे हे इथल्या लोकांना वेगळे सांगायला नको.) ही भेसळ नव्हे, योग्य निगा राखली तर समुद्राकाठी हे सिमेंट साध्यापेक्षा चांगले टिकते. पण राखेत चुना नगण्य असतो आणि तिची सिलिका थंड आम्लात बरीचशी उतरत नाही. वर्षे जातात तशी थोडी राख चुन्याशी बांधली जाते आणि तेवढी सिलिका आम्लात येते, पण ती किती हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

परिणाम काय होतो ते पाहा. कंत्राटदाराने घनमीटरला ३४० किलो पीपीसी घातले. त्यात चुना ६४ नाही, ४५ टक्क्यांच्या आसपास. प्रयोगशाळेने साधे सिमेंट समजून ६४ ने भागले, तर उत्तर येते २३९ किलो. शंभर किलो गायब! त्यातून आपल्या काँक्रीटच्या मानकात, म्हणजे आयएस ४५६ मध्ये, किमान सिमेंटचा जो आकडा दिला आहे त्यात राखेचा वाटा धरलेला असतो. म्हणजे कागदावर राख मोजायची आणि प्रयोगशाळेत तिला गाळून टाकायची. प्रामाणिक माणसाला चोर ठरवायला याहून सोपी वाट नाही. भट्टीतली मळी, म्हणजे स्लॅग मिसळलेले सिमेंट असले तर वेगळेच दुखणे, कारण स्लॅगमध्ये चुनाही असतो, सिलिकाही असते, पण प्रमाण निराळे.

यावर तोड म्हणजे सूक्ष्मदर्शक. काँक्रीटचा तुकडा घासत घासत मिलिमीटरच्या तीसचाळिसाव्या हिश्शाइतका पातळ केला की त्यातून प्रकाश पार जातो. राखेचे कण तिथे मण्यांसारखे गोल दिसतात, स्लॅगचे काचेच्या फुटक्या तुकड्यांसारखे, आणि पाणी न पोहोचल्यामुळे अजून कोरे राहिलेले सिमेंटचे दाणेही दिसतात, पन्नास वर्षांनंतरसुद्धा. आधी डोळ्याने सिमेंटची जात ओळखायची आणि मग आम्लाने त्याचे माप घ्यायचे, हा शहाणा क्रम. तो खर्चिक आहे आणि मराठी मध्यमवर्गीय सोसायटीच्या सिंकिंग फंडात तो सहज बसत नाही, हेही खरे.

एवढे करून आलेला आकडासुद्धा एका नमुन्याचा असतो. गोणी-मिक्सरवर एका गोणीचा माल केला तर त्यातून साधारण अष्टमांश घनमीटर काँक्रीट निघते. हजारेक चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे बारा घनमीटर, म्हणजे जवळपास शंभर वेळा मिक्सर फिरला. दर वेळी रेती घमेल्याने, अंदाजाने. सकाळचा माल वेगळा, जेवणानंतरचा वेगळा, संध्याकाळी मुकादम घाईत असतानाचा वेगळा. पावसाळ्यात ओली रेती फुगते, तीच घमेली भरली तरी रेती कमी पडते आणि सिमेंटचे प्रमाण आपोआप वाढते. मुकादमाला त्याचे श्रेय देण्याचे कारण नाही. तीन कोअर काढले म्हणजे शंभरातल्या तीन मालांची चौकशी केली. शिवाय एकाच काँक्रीटचा नमुना दोन प्रयोगशाळांत दिला तर घनमीटरला चाळीस-पन्नास किलोंचा फरक पडला म्हणून कुणी भुवया उंचावत नाही. म्हणून अहवालात "सिमेंट ३०७ किलो" असा नेमका आकडा दिसला की मला तो लिहिणाऱ्याची काळजी वाटते.

वसईच्याच किल्ल्यात हे काम किती सोपे झाले असते, असा विचार मनात येतो. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. या दोन सालांमधली बांधकामे दगड-चुन्यातली. दगडांमधला चुन्याचा थर आम्लात घालून पाहायचा तर चुना विरघळतो, रेती तळाला उरते, ती धुऊन तोलली की प्रमाण मिळाले. पण तिथेही कोकण किनाऱ्याची रेती असली की शिंपला आडवा येतोच. चारशे वर्षांत बांधकामाचे तंत्र पार बदलले, शिंपल्याचा खोडसाळपणा बदलला नाही.

सिमेंट चोरले जाते हा समज आपल्याकडे इतका खोल का आहे, याला इतिहास आहे. सिमेंट एकेकाळी परमिटवर मिळे. घर बांधायचे तर सरकारी कचेरीत अर्ज, किती गोण्या ते साहेब ठरवणार. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांना जानेवारी १९८२ मध्ये राजीनामा द्यावा लागला तो सिमेंटवाटपाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेल्यावर. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त झाले आणि १९८९ मध्ये पूर्णपणे. सोन्यासारखी गोणी मोजून देणारी ती पिढी आजही काँक्रीटकडे बघून आधी सिमेंटचाच विचार करते. आज मात्र गोणी नाक्यावरच्या दुकानात मिळते आणि काँक्रीट बिघडवायला सिमेंट चोरावेच लागते असे नाही. पाणी फुकट असते.

पाण्याचे गणित अमेरिकेत डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्ये मांडले : काँक्रीटची ताकद ठरते ती पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर. आयएस ४५६ च्या ठरावीक मिश्रणात एम २० दर्जाच्या काँक्रीटसाठी एका गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी सांगितले आहे. माल पसरायला जड जातो म्हणून कामगाराने दहा लिटर जादा ओतले, तर ताकद साधारण तिसऱ्या हिश्शाने घसरते. सिमेंट मात्र तितकेच असते आणि आम्लातून उत्तरही तितकेच येते. व्हायब्रेटर नीट न फिरवल्याने खडीच्या मध्ये पोकळ्या राहिल्या, सात दिवस पाणी मारायचे ते दोनच दिवस मारले, पावसाळ्यात गोदामात गोळे झालेली गोणी फोडून वापरली, यातले काहीही ती चाचणी सांगत नाही. शिळे सिमेंटही आम्लात विरघळते आणि पूर्ण गुण घेऊन जाते.

समुद्रकाठच्या गावात मीठ हा त्याहून मोठा हिशेब. न धुतलेल्या खाडीच्या रेतीतून क्लोराइड आत येते आणि सळई गंजते. गंज फुगतो, काँक्रीट फुटते, आणि ती ढलपी पिशवीत येऊन पडते. सळई असलेल्या काँक्रीटमध्ये घनमीटरला क्लोराइड ०.६ किलोपेक्षा जास्त नसावे असे मानक सांगते. किनारी हवेत उघड्या काँक्रीटला किमान ३२० किलो सिमेंट आणि पाणी त्याच्या ४५ टक्क्यांपर्यंतच, असेही सांगते. ताकदीसाठी त्याहून कमी सिमेंटही पुरते, पण सळईपर्यंत मीठ पोहोचायला वेळ लागावा म्हणून तो आकडा. सिमेंट मोजण्याचा खरा उपयोग इथे आहे. इमारत आज उभी राहील का, हे कोअर दाबून पाहून कळते. तिला गंजापासून किती आडोसा मिळाला होता, हे सिमेंटच्या आणि क्लोराइडच्या आकड्यांवरून कळते. म्हणून जाणता अभियंता आधी हातोडीने ठोकून पाहतो, ध्वनिलहरी सोडतो, फिनॉल्फ्थॅलिन शिंपडून गुलाबी रंग कुठून सुरू होतो ते बघतो, किमान तीन कोअर काढून दाबतो. त्यांची सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के आणि एकेकटा कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको. यातून संशय उरला, किंवा प्रकरण न्यायालयात गेले, तरच कोअरचे तुकडे आम्लाकडे जातात.

महाराष्ट्रात ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे, महापालिका कायद्याच्या कलम २६५ अ प्रमाणे. रमाबाई अपार्टमेंट त्या वयाच्या अर्ध्यावरही पोहोचली नव्हती. आणि अशा इमारतींच्या बाबतीत सिमेंट मोजणाऱ्याची पंचाईत वेगळीच असते. अधिकृत बांधकामात सिमेंटची कंपनी आणि प्रकार, खाणीचे नाव, क्यूबच्या चाचण्या, तयार काँक्रीट आले असेल तर प्रत्येक गाडीबरोबरची किलो किलो लिहिलेली चिठ्ठी, असे काही ना काही हाती लागते. वरचे सगळे भागाकार त्या कागदांच्या भरवशावर होतात. २१ ने भागायचे की १५ ने, शिंपला वजा करायचा की नाही, हे काँक्रीट स्वतः अर्धेच सांगते. जिथे नकाशाच मंजूर नव्हता, तिथे सिमेंटच्या पावत्या जपून ठेवणारा कोण असणार? रेती कुठल्या बंदरावरची, खडी कुठल्या खाणीची, विचारायला माणूस सापडत नाही. सापडलाच तर वकिलाशिवाय बोलत नाही.

त्यामुळे जिथे उत्तराची सगळ्यात जास्त गरज असते, तिथेच अहवालात "सिमेंटचा प्रकार" या रकान्यापुढे रसायनज्ञाला लिहावे लागते : माहिती उपलब्ध नाही, साधे पोर्टलंड गृहीत धरले.